आठवड्याचा हवामान अंदाज आणि शेतातला वाफसा: कामं कशी ठरवता?

कोरडवाहू
मंगळवार, सकाळी 7:40

नमस्कार मंडळी. जुलै संपत आला. सोयाबीन फुलोऱ्याच्या तोंडावर आहे, कपाशीला पाती (फुलांच्या कळ्या) लागायला लागली आहेत आणि गावच्या ग्रुपवर रोज सकाळी एकच विचारणा: "या आठवड्यात पाऊस आहे का?"

मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. फवारणीला पाच-सहा तासांची उघडीप पुरते. डवरा किंवा कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं औजार, घालायचं तर काळ्या रानात चार-पाच दिवस कोरडे लागतात. युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा तर जमिनीत ओल हवी आणि वरून एखादी हलकी सर आली तर चांगलंच. म्हणजे एकाच आठवड्याचा एकच अंदाज एका कामाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट असू शकतो. म्हणून माझा क्रम असा: आधी काम ठरवायचं, मग रानात जाऊन वाफसा, म्हणजे औजार चालेल इतकीच ओल, आहे का ते बघायचं, आणि त्यानंतर अंदाज उघडायचा. बहुतेक जण मोबाईलपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

अंदाजासाठी मी हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठं मिळून काढतात ती जिल्ह्याची कृषी हवामान सल्ला पत्रिका वाचतो. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि पीकवार सल्ला त्यात असतो. 'मेघदूत' ॲपवर मराठीतून मिळते. पाच दिवसांच्या पलीकडचं बघायचं असेल तर हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. पण तो सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच सांगतो. त्यावरून "पुढच्या बुधवारी फवारणी" असं ठरवता येत नाही.

पत्रिकेतले शब्द मोजूनमापून वापरलेले असतात, हे लक्षात ठेवा. 24 तासांत 2.5 ते 15.5 मिमी म्हणजे हलका पाऊस. 15.6 ते 64.4 मध्यम. 64.5 ते 115.5 मुसळधार. 115.6 ते 204.4 अतिमुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. यातला 'मध्यम' नीट बघा. 16 मिमी पण मध्यम आणि 60 मिमी पण मध्यमच. पहिला मुरमाड रानात दुपारपर्यंत जिरून जातो. दुसरा काळ्या रानात पडला की आठवडाभर पाय ठेवता येत नाही.

तसंच ठिकाणांचं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चार केंद्रांपैकी जास्तीत जास्त एका केंद्रावर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे अर्ध्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं वाचून जो गडी सगळी कामं थांबवतो त्याचं आणि जो पत्रिका वाचतच नाही त्याचं, दोघांचंही नुकसान होतं.

तुमच्या तालुक्यात सध्या रानाची काय स्थिती आहे आणि या आठवड्यात कुठलं काम अडलंय ते लिहा. जमीन हलकी की भारी तेही सांगा, त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

---

नवीन_नांगर
मंगळवार, सकाळी 9:05

कोरडवाहू दादा, छान लिहिलंत. मी नोकरी सोडून गावी आलोय, घरची पाच एकर आहे, परभणी जिल्हा, भारी काळी जमीन. एक शंका. मोबाईलमधल्या हवामानात उद्या '70%' दाखवतंय. म्हणजे जोरात येणार असं समजायचं का? आणि तुम्ही लोक सारखं 'वाफसा' म्हणता तो नेमका ओळखायचा कसा? वरची माती तर मला वाळलेलीच दिसते.

---

मिलिमीटर
मंगळवार, सकाळी 9:50

नवीन_नांगर, 70% म्हणजे जोर नव्हे. तुमच्या ठिकाणी त्या वेळात मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता तेवढी. तो पाऊस 3 मिमी असू शकतो, 50 असू शकतो. जोर बघायचा तर शेजारी मिमीचा आकडा असतो, तो बघा. आणि तो आकडाही एका मोठ्या चौकोनाची सरासरी असते. आत्ताआत्तापर्यंत आपल्याकडचं जागतिक मॉडेल 12 किलोमीटरच्या चौकोनांचं होतं. मे 2025 मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) तयार केलेली 6 किलोमीटरची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. सुधारणा मोठी आहे, तरी 6 किलोमीटरमध्ये आमची तीन गावं बसतात आणि श्रावणातली सर एका गावाचा एक शिवार भिजवून दुसरा सोडून जाते.

अजून एक. पत्रिकेतला '24 तासांचा पाऊस' सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 असा मोजतात. बुधवारी रात्री दोन वाजता पडलेला पाऊस गुरुवार सकाळच्या नोंदीत येतो. "बुधवारी पाऊस सांगितला होता, दिवसभर ऊन होतं" म्हणून जी ओरड होते त्यातली बरीचशी इथूनच येते.

माझा सगळ्यांना आग्रह आहे: आपल्या रानात स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. विकतचं नको असेल तर सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूंचा कुठलाही डबा चालतो. तोंड आणि बूड सारख्या मापाचं हवं, म्हणजे आत साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तोच मिमी. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज 8:30 ला मोजून पाणी ओतून टाका. 1 मिमी पाऊस म्हणजे एकरी साधारण 4,000 लिटर पाणी. 25 मिमी जिरला तर एकरात लाखभर लिटर पाणी आलं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की "पाऊस बरा झाला" यावर समाधान होत नाही.

---

कोरडवाहू
मंगळवार, दुपारी 1:15

मिलिमीटर यांनी पहिल्या शंकेचं उत्तर दिलं, वाफशाचं मी सांगतो.

वरची माती बघूच नका. काळी जमीन वरून दोन बोटं वाळते, पांढुरकी दिसते आणि खाली चिखल असतो. खुरप्याने वीतभर उकरा. तिथली मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. हाताला चिकटली, बोटांतून पिळून बाहेर आली, पाण्याची चकाकी दिसली तर वाफसा नाही. गोळाच होत नसेल, भुगा होत असेल तर ओल कमी. गोळा झाला, हात स्वच्छ राहिला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तो मोकळा फुटला तर वाफसा आहे. शेतात एकाच जागी बघून भागत नाही. धुऱ्याजवळ (बांधाजवळ), मध्ये आणि जिथे पाणी थबकतं त्या खोलगट भागात अशा तिन्ही जागी बघा. खोलगट भाग नेहमी मागे असतो आणि ट्रॅक्टर फसतो तो तिथेच.

वाफसा नसताना काळ्या रानात औजार घातलं तर माती दाबली जाते, वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळं होतात आणि मुळांना हवा मिळत नाही. त्या हंगामात ते दुरुस्त होत नाही. तण दोन दिवस जास्त वाढलं तर चालेल, पण चिखलात कोळपं नको.

---

वऱ्हाडी_धुरा
मंगळवार, संध्याकाळी 6:30

यवतमाळकडून. आमच्याकडे आठ-दहा दिवसांपासून झड होती, काल उघडली. कपाशीत डवरणी राहिली, तण कमरेला लागायची वेळ आली आहे. खोलगट भागातली काही झाडं ऊन पडताच माना टाकून बसली. सकाळी चांगली होती, दुपारी पानं लोंबली. हे मर आहे का? आणि फवारणीवाले म्हणतात उद्याच मारून घेऊ, पुन्हा पाऊस लागला तर होणार नाही.

---

बोंड_आणि_पाती
मंगळवार, रात्री 8:10

भाऊ, झडीनंतर एकदम कडक ऊन पडलं की कपाशीत हे होतं. आकस्मिक मर म्हणतात. बुरशीची मर नाही ही. मुळं पाण्यात गुदमरलेली असतात, वर पानातून पाणी उडायला लागतं आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. पहिलं काम म्हणजे चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. बाकी काहीही त्याच्या नंतर. मग लक्षण दिसल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि 150 ते 200 ग्रॅम युरिया मिसळून झाडाच्या बुडाशी आळवणी करा आणि बुडाची माती पायाने दाबून घ्या. चार-पाच दिवस गेल्यावर केलं तर झाड सहसा परत येत नाही. म्हणून म्हणते, झडीनंतर 'कमाल तापमानात वाढ' असं पत्रिकेत दिसलं की पावसाच्या अंदाजाइतकंच ते महत्त्वाचं समजा. आपण तापमानाचा रकाना वाचतच नाही.

फवारणीचं मात्र घाईने करू नका. झडीनंतरची हवा दमट आणि कोंदट असते, कपाशी उंच झालेली असते, वारा पडलेला असतो. 2017 मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. ती आठवण असताना आपण अजूनही उघड्या अंगाने पंप पाठीवर घेतो याचं मला फार वाईट वाटतं. दुपारी मारू नका. सकाळी दव उतरल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवा. वारा ताशी 15 किलोमीटरच्या वर असेल तर मारू नका, आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून तर कधीच नको. वाऱ्याचा वेग त्याच पत्रिकेत असतो. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. मजूर "सवय आहे ताई" म्हणाला तरी ऐकायचं नाही.

---

मृगाची_सर
बुधवार, सकाळी 6:20

तुम्ही पोरं मॉडेल आणि टक्के सांगता, आम्ही नक्षत्रावर शेती केली. मृगात पेरलं, आर्द्रात उगवलं, पुष्यात डवरलं. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघून पाऊस कळायचा. आता रोज बदलणाऱ्या अंदाजावर विश्वास कसा ठेवायचा?

---

कोरडवाहू
बुधवार, सकाळी 8:00

काका, नक्षत्रांवर राग नाही. सूर्य मृगात येतो 7-8 जूनला आणि साधारण तेव्हाच आपल्याकडे मोसमी पाऊस पोचतो, म्हणून ते कॅलेंडर म्हणून पक्कं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची सरासरी आहे ती. पण सरासरी म्हणजे यंदाचा पाऊस नव्हे.

2025 चं उदाहरण घ्या. मोसमी पाऊस केरळात 24 मे ला आला आणि 26 मे ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. लोकांना वाटलं वर्ष लवकर लागलं. मे च्या शेवटी जमीन भिजलेलीही होती. पण त्यानंतर वारे मंदावले आणि जूनच्या मध्यापर्यंत पाऊस पुढे सरकायचा थांबला. विस्तारित अंदाजात तो खंड दिसत होता, कृषी विभागही "घाई करू नका" सांगत होता. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दर वर्षी येतो. आपले जुने लोक त्यालाच "ओलीला ओल भेटू द्या" म्हणायचे. वरून आलेलं पाणी खालच्या ओलीपर्यंत पोचलं पाहिजे. बघा, इथे तुमचं आणि विद्यापीठाचं एकच म्हणणं आहे.

अंदाज रोज बदलतो तो दोष नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतं आणि त्याच्या नैऋत्य बाजूला सगळ्यात जोराचा पाऊस असतो. ते विदर्भावरून आलं तर मराठवाड्यापर्यंत भिजवतं. तेच शे-दीडशे किलोमीटर उत्तरेला, मध्य प्रदेशातून गेलं तर आपण ढग बघत राहतो. पाच दिवस आधी हा रस्ता नक्की सांगता येत नाही, दोन दिवस आधी बराच सांगता येतो. म्हणून मंगळवारी वाचलेला अंदाज शुक्रवारी पुन्हा वाचायचा.

---

मृगाची_सर
बुधवार, सकाळी 8:45

ओलीला ओल, हे बरोबर बोललास. आमचे वडील पहार रोवून बघायचे, किती खोल जाते. नातवाला ते 'मेघदूत' टाकून द्यायला सांगतो.

---

खाचर
बुधवार, दुपारी 12:30

रत्नागिरीतून. आमच्याकडे वाफसा हा प्रश्नच नाही, भाताच्या खाचरात पाणी धरूनच ठेवायचं असतं. लावणी उरकली. अडचण वेगळी आहे: युरियाचा हप्ता द्यायचा आहे आणि ऑरेंज अलर्ट लागला की दिलेलं खत बांधावरून वाहून जातं. मी असं करतो, की मुसळधारचा इशारा उतरून पुढचे दोन दिवस हलका-मध्यम दिसला की खाचरातलं पाणी आदल्या दिवशी काढतो, खत चिखलात देतो आणि एक दिवसाने पुन्हा पाणी बांधतो.

अलर्टच्या रंगांबद्दल एक सांगतो, घाटावरच्या मंडळींना उपयोगी पडेल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. रंग नुसत्या मिमीवर ठरत नाही, त्या पावसाने काय नुकसान होऊ शकतं आणि तो पडण्याची शक्यता किती, दोन्ही बघून देतात.

---

नवीन_नांगर
बुधवार, संध्याकाळी 7:00

आज तीन ठिकाणी उकरून बघितलं. धुऱ्याजवळ गोळा फुटला, मध्ये फुटला, खालच्या कोपऱ्यात हाताला चिकटला. सोयाबीन 35 दिवसांचं आहे. शेजारी म्हणतात आता खंड पडणार, 2023 सारखा. खरंच तसं झालं तर किती दिवस पीक तग धरेल?

---

मिलिमीटर
बुधवार, रात्री 9:20

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. मोसमी पावसाचा आस (कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारतात असा खंड पडतो. असा खंड विस्तारित अंदाजात थोडाफार आधी दिसतो, म्हणून गुरुवारचा नकाशा बघा. ग्रुपवर फिरणाऱ्या, खाली कुणाचंच नाव नसलेल्या "21 दिवस पाऊस नाही" छाप मजकुरावर विसंबू नका.

हिशेब असा. फुलोऱ्यातलं सोयाबीन उन्हाच्या दिवशी साधारण 4 ते 5 मिमी पाणी ओढतं, ढगाळ दिवशी कमी. 20 मिमी जिरलेला पाऊस म्हणजे चार-पाच दिवसांची सोय. तुमची जमीन भारी आणि खोल आहे, आत्ता वीतभर खाली चांगली ओल आहे, म्हणजे दहा-बारा दिवस तर सहज निघावेत. मुरमाड रानवाल्याला चौथ्या-पाचव्या दिवशीच दुपारी पानं मिटलेली दिसतील. फुलं आणि शेंगा भरण्याच्या काळात ताण बसला तर उतारा घटतो, म्हणून विहिरीत पाणी असेल तर तुषार सिंचनाची एक पाळी त्या वेळेला राखून ठेवा.

---

कोरडवाहू
गुरुवार, सकाळी 7:10

नवीन_नांगर, त्यात एक जोड. खंड येणार अशी चिन्हं असतील तर वाफशावर एक हलकी कोळपणी लगेच करा. मातीचा वरचा थर मोकळा झाला की खालची ओल उडत नाही आणि काळ्या मातीच्या भेगा बुजतात. "एक कोळपणी, अर्धं पाणी" म्हणतात ते याचसाठी. पण झाडं फुलात आली की कोळपं थांबवायचं, मुळं तुटतात आणि फुलं गळतात. तुम्हाला दोन-तीन दिवसच आहेत. वरचा आणि मधला भाग आज-उद्या करा, खालचा कोपरा सोडून द्या, तिथे नंतर हाताने खुरपून घ्या. ताण दिसायला लागला तर पोटॅशियम नायट्रेट 10 लिटरला 100 ग्रॅम फवारता येतं, त्याने पीक थोडं धीर धरतं. पाण्याची जागा ते घेत नाही.

आणि पाऊस जास्त झाला तर? पुढच्या वर्षी रुंद वरंबा सरीवर (रुंद उंच गादी, बाजूला सरी) पेरा. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, कमी पडला तर तीच सरी ओल धरते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाण्याने जे हाल केले त्यानंतर सपाट पेरायचं धाडस मला तरी होत नाही.

---

पट्टीवाला
गुरुवार, दुपारी 2:40

अतिवृष्टीवरून आठवलं. 'ढगफुटी' हा शब्द जपून वापरा. छोट्या भागात तासाभरात 100 मिमी पडला तर ती ढगफुटी. मदतीच्या निकषात मात्र महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमी ही रेघ धरतात आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं. तुमच्या शेतातल्या डब्यात 90 दिसला आणि मंडळाच्या केंद्रावर 50 नोंदला गेला तर अडचण होते, आणि आमच्या भागात हे झालेलं आहे. म्हणून आपली रोजची नोंद वहीत तारखेसह ठेवा, नुकसानीचे फोटो त्याच दिवशी काढा आणि तलाठी, कृषी सहाय्यकांना पंचनाम्यासाठी लगेच कळवा.

---

बोंड_आणि_पाती
गुरुवार, संध्याकाळी 5:55

विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. उघडीप आणि दुपारचं ऊन म्हणजे संध्याकाळी गडगडाटी ढग. पत्रिकेत 'मेघगर्जनेसह' शब्द असेल त्या दिवशी बाया-मजुरांना चारच्या आत घरी सोडा. 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, मुकादमाच्या फोनमध्ये टाकून द्या. झाडाखाली थांबू नका. रानातच सापडलात तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. डवरणी उद्या होईल.

---

वऱ्हाडी_धुरा
शुक्रवार, सकाळी 7:30

ताई, चर काढले, काल पाणी उतरलं. आळवणी केली. वीस-पंचवीस झाडं अजून मान टाकूनच आहेत, बाकीची सावरली. फवारणी आज सकाळी दव उतरल्यावर निम्मी उरकली, दहा वाजता थांबवतो. डवऱ्याचं विचारायचं होतं: मधली माती दाबली तर गोळा होतो, हाताला किंचित लागते.

---

कोरडवाहू
शुक्रवार, सकाळी 8:50

किंचित लागते म्हणजे आज नको. असंच ऊन राहिलं तर उद्या दुपारी पुन्हा तीन ठिकाणी बघा आणि हात स्वच्छ राहिला तर परवा सकाळी डवरा घाला. आज दुपारपर्यंत नवी पत्रिका येईल, त्यात रविवार-सोमवारचा पाऊस आणि वारा दोन्ही बघून घ्या. सोमवारी 'अनेक ठिकाणी मध्यम' दिसलं तर परवा उंचावरचं रान आधी धरा, खालचं राहिलं तरी चालेल.